दादाचा एकुलता शब्द

माझी वहिनी घरात कशी असते, हे विचारणारी माणसं मला कुठेही भेटतात. चप्पल शिवायला टाकताना भेटतात, दवाखान्यात भेटतात. एकदा तर दाढ काढायला आ करून बसले होते तेव्हा दातांच्या डॉक्टरनेच विचारलं. ज्यांनी तिला मालिकेत रोज संध्याकाळी 'आईसाहेब' म्हणून पाहिलं, त्यांना वाटतं की घरीही ती भुवई चढवून सुनांना घराबाहेर काढत असणार. आमच्या घरात सून एकच, ती स्वतः, आणि भुवई चढवायचं खातं माझ्याकडे आहे. मी तिची नणंद. माझा जन्म टेलिफोन खात्यात लोकांचे आवाज ऐकण्यात गेला, लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही आणि दादा-वहिनीच्या घरात मागच्या खोलीत राहिले. वहिनी मला 'टेलिफोन' म्हणते. एवढी वर्षं एका छपराखाली काढल्यावर याहून वाईट नावं पडतात, तेव्हा माझी तक्रार नाही.

ती नायिका कधीच नव्हती. आधी नायिकेची मैत्रीण झाली, मग नायिकेची थोरली बहीण आणि मग, वयाच्या मानाने जरा लवकरच, नायिकेची आई. नाटकाच्या बसमध्ये तिची जागा मागच्या चाकावर असायची, तिथे बसणाऱ्याच्या कमरेचं काय होतं ते तिला विचारा. पन्नाशी उलटून गेली, केस पिकले आणि मग तिला ती मालिका मिळाली. वरातीमागून घोडं आलं, पण आलं ते चौखूर उधळत आलं. भाजी घ्यायला गेली तर बायका तिच्या हातातली पिशवी धरून ठेवायच्या. एका म्हातारीने तिला भर रस्त्यात चांगलं झापलं, धाकट्या सुनेला इतकं छळतेस, तुला झोप कशी लागते म्हणून. वहिनीने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाली की प्रसिद्धी म्हणजे शेजाऱ्याच्या नावाचं पार्सल आहे, सही आपण करायची आणि आत काय आहे ते विचारायचं नाही.

दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. सरळ, कमी बोलणारा, जेवताना पेपर वाचणारा. त्या दोघांना मूल झालं नाही. एकदा होण्याच्या बेतात होतं, तेव्हा वहिनी दौऱ्यावर होती आणि परतीची बस खड्ड्यांतून आली. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, निदान माझ्या कानांवर नाही, आणि माझे कान बरे आहेत. पाळ्या बदलणाऱ्या कामगारांसारखा त्यांचा संसार होता. एक घरी यायचा तेव्हा दुसरा निघालेला असायचा. दादा तिचं प्रत्येक नवं काम एकदा पाहून यायचा आणि घरी येऊन 'बरं झालं' म्हणायचा. ते बरं झालं म्हणजे काम बरं झालं की संपलं ते बरं झालं, हे वहिनीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिची एक खोड मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती घरातून उचलायची. पैसाअडका नव्हे. आमची आई दम्याची होती. खोकला यायच्या आधी ती एक बोट वर करायची, जणू कोणाला थांबायला सांगतेय, आणि मग खोकायची. वहिनीने ते बोट आणि तो खोकला एका नाटकात जसाच्या तसा घातला. मी पहिल्या रांगेत बसले होते, मला घाम फुटला. आईला कळलं तर काय म्हणेल म्हणून मी गप्प राहिले, तर आई स्वतःच हट्टाने नाटकाला गेली आणि पुढे वर्षभर शेजारपाजारी सांगत सुटली की माझा खोकला थिएटरात लागलाय. माझं फोनवरचं 'बोला' तिने एका सिनेमात वापरलं, तेव्हा आमच्या खात्यातल्या बायकांनी मला पार्टी मागितली. असं सगळं हसण्यावारी गेलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याची चाहूल आम्हाला लागली नाही.

दादाला झटका आला तो सकाळी, कपाटाची किल्ली शोधताना. किल्ली कुठे गेली, असं पुटपुटत तो खोलीभर फिरत होता आणि फिरता फिरता खाली बसला. उजवं अंग गेलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यात कित्येक दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि फुटला तेव्हा तो होता 'किल्ली'. पाणी हवं असलं तर किल्ली, उशी बोचली तर किल्ली, मी कोण आहे असं विचारलं तर माझ्याकडे मायेने बघून किल्ली. डॉक्टर म्हणाले की असं होतं, सगळं भांडार वाहून जातं आणि एखादा शब्द काठाला अडकून राहतो. समजतं सगळं, बोलता येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येत होत्या, त्या चित्रं दाखवायच्या. गायीच्या चित्राला तो किल्ली म्हणायचा, छत्रीला किल्ली म्हणायचा आणि मग लाजून डोळे मिटून घ्यायचा. एवढा अब्रूदार माणूस, त्याचे ते मिटलेले डोळे मला बघवायचे नाहीत.

वहिनीने त्या बाईंची चित्रं बंद करवली. नाटकाच्या तालमीत नव्या माणसांकडून एक खेळ करून घेतात म्हणे. एक शब्द द्यायचा, कुठलाही, बादली म्हणा, आणि तो रागाने, लाडाने, भीतीने, खोटं बोलल्यासारखा म्हणायला लावायचा. शब्दाला अर्थ नको, सूर पाहिजे. ती दादाच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, तुझ्याकडे शब्द आहे ना एक, पुष्कळ झाला. मग ती स्वतः किल्ली म्हणायची, तहानलेली किल्ली, कंटाळलेली किल्ली, दार कोणी वाजवलं विचारणारी किल्ली, आणि तो तिच्या मागोमाग. आधी मला वाटलं, घरचं झालं थोडं आणि ही आता घरात तालमी भरवतेय. पण दादा शिकला. थोड्याच दिवसांत पाण्याची किल्ली वेगळी झाली आणि दुखण्याची वेगळी. पेपर दे, पंखा मंद कर, ती कधी येणार, सगळ्याचा सूर निराळा. मला त्यातले ढोबळ कळायचे, बारकावे कळायचे ते फक्त वहिनीला.

एकदा मी चहा घेऊन गेले तर दोघं हसत होते. त्याने काहीतरी किल्ली म्हटली होती आणि ती डोळे पुसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, तुझ्याबद्दल आहे, सांगण्यासारखं नाही. उभ्या आयुष्यात मी त्या दोघांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. त्याचं शरीर निम्मं गेलं होतं आणि तरी मी सांगते, त्यांच्या लग्नाचे चांगले दिवस ते.

या चांगल्या दिवसांसाठीच तिने मालिकेत सुट्टी मागितली. रोज जाणं जमणार नाही, नवरा आजारी आहे, काम कमी करा. निर्माते म्हणाले, ताई, तुम्हाला सोडणं परवडत नाही. मग दिग्दर्शकाने तोड काढली. आईसाहेबांनाच झटका येऊ दे. एकदा आईसाहेब अंथरुणाला खिळल्या की एका दिवसात पंधरा दिवसांचं चित्रण उरकता येतं, नुसते उशीचे अभ्रे बदलायचे आणि शाल बदलायची. बाकीचे लोक येतात, पलंगाजवळ उभे राहून कारस्थानं करतात आणि जातात. वहिनीला पडून राहायचं होतं, बस. वरून तो तिला म्हणाला की तुम्हाला तर काय, घरीच सगळं पाहायला मिळतं.

पहिल्या दिवशी तिने सिनेमातल्यासारखा झटका केला. डोळे वटारले, हात थरथरवला. दिग्दर्शकाला ते पटलं नाही. तो नुसतं पुन्हा घेऊ म्हणाला आणि पुन्हा, आणि पुन्हा. जेवणाच्या सुट्टीनंतर ती पलंगावर पडली, कॅमेरा सुरू झाला आणि तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली आली. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं धरली, दादा धरतो तशी, अंगठा आत ठेवून. समोरची नटी तिला औषध पाजायला वाकली, तेव्हा वहिनी म्हणाली, 'किल्ली.' पाण्याची नव्हे. नको, मला असं कोणी बघू नये, या सुरातली. तो सूर दादाला तिने शिकवला नव्हता, त्याचा त्यानेच काढला होता. दिवे सांभाळणारा माणूस नाक ओढत बाहेर गेला.

सेटवरचं हे मला मागाहून कळलं. आम्ही पाहिलं ते सगळ्या जगाबरोबर, संध्याकाळी, टीव्हीसमोर. दादा खुर्चीत होता, मी शेंगा सोलत होते, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत नाही आणि बाहेर नाही. पडद्यावर आईसाहेबांचं तोंड ओढलं गेलं, बोटं बोटांत गेली. मग तो शब्द. मी दादाकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता, मग त्याने आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, डाव्या हाताने धरलेली उजवी बोटं सोडली आणि डावा हात पाठीमागे नेऊन ठेवला. त्या संध्याकाळपासून तो बोलायचा बंद झाला.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. मी भांडणारी बाई आहे हे मला मान्य आहे, पण त्या दिवशी मी आवाज चढवला नाही.

"आईचा खोकला नेलास, माझं बोलणं नेलंस, आम्ही हसलो," मी म्हटलं. "त्याच्याकडे एकच शब्द होता गं."

"मी ठरवून नाही केलं," ती म्हणाली. "कॅमेरा सुरू झाला आणि आलं. इतकी वर्षं असंच येतंय."

"काढून टाका म्हणून सांगता आलं असतं."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मला कळलं होतं की ते चांगलं झालंय. चांगलं झालेलं काढून टाका म्हणायला मला कधीच जमलं नाही. इतकं चांगलं माझ्या हातून पुन्हा होणार नाही, हेही कळलं होतं."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण दादा जेवेना आणि दोघींपैकी एकीला तरी काही सुचायला हवं होतं.

तिकडे किल्ली पेटली. मालिकेच्या लेखकाच्या कथेत खड्डा पडलाच होता, त्याला आयती माती मिळाली. आईसाहेब किल्ली म्हणतात ती तिजोरीची, असं त्याने ठरवलं आणि अख्खं घराणं किल्ली शोधायला लागलं. थोरली सून गाद्या उसवतेय, धाकटा जावई फरशी उकरतोय, आणि मध्ये आईसाहेब वाकड्या तोंडाने किल्ली, किल्ली. लोक वेडे झाले. बसथांब्यावर पोरं तोंड वाकडं करून एकमेकांना किल्ली म्हणायची. इमारतीचा रखवालदार वहिनीला सलाम ठोकून विचारायचा, सापडली का हो. त्या वर्षीचं बक्षीस तिलाच मिळालं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आलं आणि ती भाषणात कोणाचंच नाव न घेता चार वाक्यं बोलून खाली उतरली.

सगळ्यात कहर केला तो दादाकडून व्यायाम करून घेणाऱ्या माणसाने. भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. दादाचा पाय उचलता उचलता म्हणाला, "काय काका, आज गप्प का? किल्ली हरवली वाटतं?" आणि आपल्याच विनोदावर हसला. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली होती, ती तशीच मागे गेली.

तिने दिग्दर्शकाला सांगितलं की तो शब्द मी यापुढे म्हणणार नाही. तो अगदी नम्रपणे म्हणाला, ताई, तो शब्द आता मालिकेचा आहे. तिने तोंड मिटून काम केलं, तर त्यांनी आधीचा आवाज तिच्या मिटलेल्या तोंडावर चिकटवला. मग तिने मालिका सोडली. पायाशी आलेली लक्ष्मी असं कोणी लाथाडतं का, असं तिला सगळ्यांनी विचारलं, अगदी मीसुद्धा मनातल्या मनात. आईसाहेबांना त्यांनी पाठमोरंच मारलं, अंगावर चादर घालून, आत दुसरीच कोणी बाई. आठवडाभर लोक हळहळले. नंतर दुसऱ्या कुठल्या मालिकेत कोणाला तरी विष दिलं गेलं आणि आईसाहेब विसरल्या गेल्या. दुकानातल्या बायका वहिनीची पिशवी सोडून पुढे जाऊ लागल्या. तिला त्याचं फारसं वाटलं नसावं. तिला हवं होतं ते घरात होतं.

ती रोज स्टूल घेऊन दादासमोर बसायची. किल्ली हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. बादली म्हणायची, खिडकी म्हणायची, नुसतं हं हं करायची, लाडाने, रागाने, विनवून. दादा तिच्याकडे बघायचा. राग नसायचा त्या बघण्यात, राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पाहुण्यांकडे बघावं तसा तो नीट, अदबीने बघायचा आणि गप्प राहायचा. डॉक्टरांना दाखवलं. त्यांना वाटलं, दुसरा एखादा बारीक झटका येऊन गेला असेल, राहिलेला शब्दही गेला असेल. वहिनीही तेच धरून चालली. गेलाच आहे, माझ्यामुळे नाही गेला, असं समजण्यात तिला थोडा आसरा होता, आणि मी तो काढून घेतला नाही.

मग एका सकाळी ती चष्म्याची काच बसवायला बाहेर गेली. मी दादाच्या खोलीत लादी पुसत होते. खिडकीतून ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. तो म्हणाला, "किल्ली."

स्वच्छ. पडदा ओढ, या सुरातली. मी पडदा ओढला, त्याच्या पायाशी बसले, तो आणखी बोलला. चहा कडू झाला होता ते बोलला, बनियन घट्ट होतंय ते बोलला, कितीतरी दिवसांचं साठलेलं बोलला. मी रडत होते आणि मनात ठरवत होते की वहिनी आली की दारातच सांगायचं. इतक्यात जिन्यावर तिची पावलं वाजली. दादा मध्येच थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड मिटलं. मला सगळं कळलं. शब्द कुठे गेला नव्हता. तो तिच्यापासून ठेवला होता.

हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तो माझा भाऊ आणि ती माझी वहिनी. म्हणतात ना, आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसले. वहिनी दूध आणायला खाली गेली की आमची दहा मिनिटं व्हायची. एकदा तिची पावलं न वाजताच दार उघडलं आणि ती आत आली, चपला हातात होत्या, अंगठा तुटला म्हणाली. दादा अर्ध्या शब्दावर थांबला. तिने काही ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. नटीच ती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की एक छोटं काम आलंय, रोज सकाळी तालीम आहे. मी भडकले. आजारी नवऱ्याला टाकून पुन्हा तोंडाला रंग लावायचा सोस सुटत नाही का, असं मी तिला स्पष्ट विचारलं. तिने पर्स उचलली. जाताना दादाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "मी निघाले, दुपारीच येईन." आणि जिन्यावर पावलं आपटत गेली. ती गेल्यावर दादा बोलायचा. दुपारी पावलं आपटतच ती परत यायची, पहिल्या मजल्यापासून ऐकू येतील अशी, आणि तोवर तो गप्प झालेला असायचा. असं रोज चाललं. दादाच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि मी मनात म्हटलं की हिच्या हौसेचाही कोणाला तरी उपयोग झाला.

परवा सकाळी दादा सारखा किल्ली, किल्ली करत होता. मी पाणी दिलं, त्याने तोंड फिरवलं. पुन्हा दिलं, पुन्हा फिरवलं. त्याला चढणारी चीड मला ऐकू येत होती आणि माझे टेलिफोन खात्याचे कान काही कामाला येत नव्हते. केराची बादली भरली होती म्हणून मी ती बाहेर ठेवायला दार उघडलं.

वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. चांगले कपडे घातलेले, मांडीवर पर्स, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. डोकं आमच्या दाराच्या चौकटीला टेकलेलं. मला पाहून तिने उठायची घाई केली नाही, फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"तालीम?" मी हळूच विचारलं.

तिने मान हलवली. तालीम नव्हतीच. कधीच नव्हती.

"पाणी नको आहे त्याला," ती म्हणाली, अगदी श्वासाच्या आवाजात. "मघापासून पाणीच काय देतेस. डावा गुडघा दुखतोय. सगळा भार त्याच पायावर येतो ना. गरम पाण्याची पिशवी दे."

मी आत गेले, पाणी तापवलं, पिशवी भरली आणि दादाच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली. त्याने डोळे मिटले आणि हळूच किल्ली म्हणाला. तिचं बरोबर होतं.